नरसिंगरावांचा भाता

"पाठीवरचा भाता घेऊन येऊ नको," दादानं फोनवर आधी हेच सांगितलं. "इथं दगडांच्या सांदीतून वाकून जावं लागतं. पाठीवरचे बाण वर अडकतात, कमरेचे झुडपात अडकतात. धनुष्यालाच बसतो तसला भाता पाहिजे. तू ये तर. इथं देतो तुला."

सुधाकरदादा माझा मावसभाऊ. माझी मावशी लग्न होऊन हैदराबादच्या ज्या घरात गेली ते घर चार पिढ्या तिथंच आहे, वकिली आणि सरकारी नोकरीवर चाललेलं. दादाही सरकारी नोकरीतून निवृत्त झाला आणि मग अचानक धनुष्य-बाणाच्या नादी लागला. मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. खांदा गोठला म्हणून व्यायाम करता करता मलाही तोच नाद लागला. साधं लाकडी धनुष्य, पिसांचे बाण, नेम धरायला कसलंही यंत्र नाही. आमच्याकडे मैदान सपाट. समोर गवताचा भारा, मागे ऊस. चुकलेला बाण उसात गेला की गेला. दादा सांगायचा ते वेगळं होतं: शहराबाहेरच्या दगडांच्या रानात रबरी फोमची हरणं, रानडुकरं लपवून ठेवायची आणि चालत, शोधत, थांबत बाण मारायचे. डिसेंबरात कॉलेजला सुट्टी मिळाली तेव्हा मी निघाले.

नल्लकुंटा

स्टेशनावर पोलिसानं लांब पिशवीला हात लावून विचारलं, "अम्मा, इसमें क्या है?" मी म्हटलं, "धनुष्य." त्यानं माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि उघडायला न सांगताच जाऊ दिलं.

दादाच्या नल्लकुंट्याच्या घरी सकाळी नाश्त्याला खिचडी होती. आमच्याकडे खिचडी म्हणजे पोट बिघडल्यावर, नाहीतर रविवारी रात्री कंटाळा आल्यावर. इथं ती पाहुण्याला करतात. मसुराची पिवळी, मोकळी खिचडी, तिच्यावर तीळ-चिंचेचा पातळ खट्टा, वर पापड. मी दोनदा वाढून घेतली.

दादा माझं धनुष्य हातात घेऊन उलटंसुलटं बघत होता. "एकसंध लाकूड आहे. भोकं नाहीत. नरसिंगराव परसोंच म्हणाला, भोकं नसतील तर पट्ट्यानं बांधायचाच भाता घ्या. त्याच्याकडे आहे एक. जाऊ आपण."

नरसिंगरावांचं नाव मी फोनवर खूपदा ऐकलं होतं. तेलुगू गृहस्थ, पाटबंधाऱ्याचे निवृत्त इंजिनिअर, दादाचे सकाळच्या फिरण्यातले मित्र. यांनीच दादाला नादी लावलं. दादा आंघोळीला गेला तशी मी ताटं उचलून स्वयंपाकघरात गेले आणि सहज शैलावहिनींना विचारलं, "नरसिंगराव आज घरी भेटतील ना?"

वहिनींनी गॅस बंद केला.

"ते गेले गं, मेधा. मागच्या उन्हाळ्यात. तिथंच, दगडांत. भर दुपारी हार्ट बंद पडलं."

"पण दादा आत्ता म्हणाला, परसोंच..."

"इथं परसों म्हणजे कालच्या मागचा कोणता पण दिवस. आमचं लग्न पण परसोंच झालेलं असतं." त्या हसल्या, पण हसणं टिकलं नाही. "म्हणून तर मला पण आधी समजलं नाही. वाटायचं, जुनं काहीतरी सांगायलेत. मग एक दिवस आले आणि म्हणाले, आज आम्ही दोघांनी डुक्कर बरोबर टिपलं. मी विचारलं, दोघं म्हणजे कोण? तर माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच येडी झाले."

"डॉक्टर?"

"दाखवलं. डोकं एकदम साफ आहे म्हणतात. बँकेचं सगळं हेच बघतात, शब्दकोडं पेनानं सोडवतात. फक्त तिकडे जाऊन आले की..." बाथरूमचं दार वाजलं. वहिनी भरभर बोलल्या, "मी त्यांना जायला नक्को म्हणू शकत नाही, त्यांचा तेवढाच जीव रमतो. तू सोबत जा. आणि बघ, कुणाशी बोलायलेत."

विद्यानगर, मग बेगम बाजार

नरसिंगरावांचं घर तिथून चालत जाण्याजोगं. रस्त्यात मला एक गोष्ट जाणवली. दादा थोडं चालायचा आणि थांबायचा. मला वाटलं, माझ्यासाठी. पण मी त्याच्या दोन पावलं पुढेच होते. तो मागे वळून रिकाम्या फुटपाथकडे बघायचा, जरा वेळ जाऊ द्यायचा आणि मग चालू लागायचा. नरसिंगराव एका पायानं किंचित लंगडत, हे मला नंतर कळलं.

दार उघडलं ते त्यांच्या पत्नीनं. सुगुणाम्मा सत्तरीच्या, बारीक, केस घट्ट बांधलेले. माझ्याशी त्या तिथल्या हिंदीत बोलल्या. भिंतीवर धनुष्यं ओळीनं टांगलेली होती, सगळ्यांच्या दोऱ्या उतरवलेल्या. कपाटातून त्यांनी दोन भाते काढून टेबलावर ठेवले. तेवढ्यात खाली कुणाची तरी गाडी अडली म्हणून हॉर्न वाजू लागला आणि कुठली गाडी ती बघायला दादा जिना उतरून गेला.

मी भाते बघू लागले. ज्यांना कधी असा भाता घ्यायचा असेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्याचे दोन भाग असतात. वर एक टोपी, बाणांची टोकं तिच्यात झाकली जातात. खाली रबरी पकड, तिच्यात बाणांच्या काड्या दाबून बसवायच्या. पहिला भाता विकतचा, कडक प्लॅस्टिकचा, दोन स्क्रूंनी मुठीवर बसणारा. त्यासाठी माझ्या धनुष्याला भोकं पाडावी लागली असती, आणि एकसंध लाकडाला भोक पाडणं म्हणजे त्याला तडा द्यायला बोलावणं. शिवाय त्याची पकड बारीक बाणांसाठी होती. माझे लाकडी बाण जाड. दुसरा भाता हाती केलेला. चामड्याची टोपी, सागाची पट्टी, धनुष्याच्या मुठीच्या वर एक आणि खाली एक असे बांधायचे रबरी पट्टे. मी माझे बाण बसवून पाहिले. टोकं पूर्ण आत गेली. पिसं एकमेकांना घासत नव्हती, धनुष्याच्या खालच्या टोकाच्या खालीही येत नव्हती, म्हणजे धनुष्य टेकवलं तरी मातीला लागणार नव्हती. तोच माझा, हे लगेच ठरलं.

"इनों बनाए सो है वो," सुगुणाम्मा म्हणाल्या. इनों म्हणजे नरसिंगराव. "वोइच ले जाओ. घर में रखे तो बोलता."

"बोलता?"

त्यांनी टेबलावर नखानं हलकेच टकटक केली आणि मग जीभ टाळूला लावून घुर्र असा आवाज काढला. "दोपहर को. तीर छोडे सरीखा."

मी त्यांना समजावलं. चामडं उन्हानं आवळतं, रबर वाळतं, ताण सुटला की आवाज होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. मग जिन्यावर दादाची पावलं वाजली तशी माझं मनगट धरून हळूच म्हणाल्या, "लेकिन सुधाकर भाई के हाथ में मत देना."

"का?"

"वो जवाब देते."

तिथून आम्ही बेगम बाजारात गेलो, कारण टोपीतला फोम पिठासारखा झडला होता. मसाल्याच्या गल्लीत डोळ्यांतून पाणी काढून घेत, पोत्यांच्या हातगाड्या चुकवत फोम-रेक्झिनच्या दुकानाशी पोचलो. दुकानदारानं विचारलं, "कुर्सी है कि सोफा?" दादा गंभीरपणे म्हणाला, "तीर है." तो माणूस पापणीही न हलवता म्हणाला, "फिर तो घट्ट वाला लगेगा," आणि कापून दिला. मला हसू आवरेना. दादाही हसला. मग हसता हसताच डावीकडे मान वळवून कुणाला तरी काहीतरी तेलुगूत म्हणाला. डावीकडे दगडी खांब होता.

दगडांत

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. गाडी शहराबाहेर काढायला खूप वेळ लागतो, ते जाऊ दे. पोचलो तेव्हा सकाळचं धुकं अजून खाली होतं. तिथले दगड मी आधी चित्रात पाहिले होते. घराएवढे गोल धोंडे एकावर एक ठेवलेले, काही इतक्या कमी जागेवर टेकलेले की श्वास लागला तरी पडतील असं वाटावं. मध्ये सीताफळीची झुडपं, बाभळी. पाठीमागे धुक्यातून उंच इमारतींचे वरचे मजले तेवढे दिसत होते, खालचे नाहीतच. फाटकावरच्या राखणदारानं कुलूप काढलं. आज दुसरं कुणी आलेलं नाही, म्हणाला.

आणि रबरी जनावरं. धुक्यात एखादं हरीण आपल्याकडे बघत उभं असतं. ते हलत नाही. ते हलत नाही म्हणूनच आपण थांबतो.

भाता बांधलेल्या धनुष्याची सवय करावी लागते. एका अंगाला वजन येतं, मूठ हातात किंचित फिरते. माझा पहिला बाण हरणाच्या शेपटीच्या डावीकडून गेला. दादा त्याचं धनुष्य आणि दोनच बाण हातात घेऊन माझ्यासोबत होता. म्हणाला, "सगळे बाण भात्यात भरूनच सुरुवात कर. एकेक कमी होतो तसं धनुष्य बदलतं, ते मनगटाला कळू दे." तो अगदी शहाणपणानं शिकवत होता. वहिनींची भीती मला उगीच वाटू लागली.

अशा भात्याचा एक दोष असतो. दोरी सुटली की उरलेले बाण थरथरतात. धप्, आणि मागोमाग घुर्र, काड्यापेटीत भुंगा अडकावा तसा. माझा दुसरा बाण सुटला. धप्. घुर्र. आणि जरा थांबून, डावीकडून, लांबून: धप्. घुर्र.

"एको," मी म्हटलं.

पुढच्या धोंड्यापाशी मी पुन्हा बाण मारला. पुन्हा तेच, पुन्हा डावीकडून, तेवढ्याच अंतरावरून.

"एको दगड बदलला की बदलतो ना गं?" दादा शांतपणे म्हणाला. "तूच शिकवतेस पोरांना. हा बदलत नाही."

मी टाळी वाजवली. तिचा प्रतिध्वनी समोरच्या कातळावरून लगेच आला. मी ओरडून पाहिलं. तेही समोरून. मग मी खाली बसले, पिशवीतला उरलेला फोम काढला, त्याच्या पट्ट्या फाडून प्रत्येक बाणामध्ये आणि पकडीच्या मागे कोंबल्या. काड्यांवर बोट मारून पाहिलं. मुक्या. उभी राहिले, बाण सोडला. माझ्या धनुष्यातून फक्त धप् आलं.

डावीकडून धप् आलं, आणि मग घुर्र.

दादा तिकडे तोंड करून हसत होता, कुणी ओळखीचं दिसल्यावर हसतात तसा. "चल, तो पुढे गेला," म्हणाला.

"दादा, आपण परत जाऊ."

"आत्ता तर आलो."

पुढच्या उतारावर माझ्या बुटातून बाभळीचा काटा आत गेला. मी धनुष्य धोंड्याला टेकवलं, बसले, बूट काढला. काटा मोडला होता, तो नखानं काढायला वेळ लागला. वर पाहिलं तर दादा नव्हता. त्याचं धनुष्य तिथंच पडलं होतं. माझं नव्हतं.

मी हाका मारल्या. समोरचे कातळ माझाच आवाज मला परत देत राहिले. धुकं विरलं होतं, ऊन वर आलं होतं, आणि त्या उन्हात एवढी शांतता होती की स्वतःचं गिळणं ऐकू येत होतं. मग डावीकडून आवाज आला. धप्. घुर्र.

मी तिकडे धावले आणि थोड्याच अंतरावर थांबले. दादाच्या हातात माझं धनुष्य आहे. त्यातले बाण मीच मुके केलेत. म्हणजे हा आवाज दादाचा नाही. याच्या मागे गेले तर दादापासून लांब जाईन. मी उलटं वळले. चार पावलं टाकली आणि पुढचं ध्यानात आलं. आवाज दादाचा नाही, पण दादा आवाजाच्या मागे गेलाय. तो सापडायचा तर मलाही त्याच आवाजाच्या मागे जावं लागेल.

मी गेले. आवाज यायचा, मी त्या दिशेनं सांदीतून सरपटत जायचे, मग तो तेवढ्याच अंतरावर पुढे. घाई नाही. थांबून थांबून. ओरखडे निघाले, ओढणी कुठं राहिली कळलं नाही. शेवटी दोन धोंड्यांमधून बाहेर पडले आणि समोर जमीनच संपलेली दिसली. दगडाची बंद पडलेली खाण. सरळ कापलेली कड आणि खूप खाली हिरवं, निश्चल पाणी. कडेवर दादा उभा, माझ्याकडे तोंड करून.

"हळू ये," तो म्हणाला. "पुढं खाण आहे."

"तू इकडे ये आधी. ये."

तो आला. मी त्याचा दंड धरला तो सोडलाच नाही.

"तो पुढं चालला होता," दादा म्हणाला. "बाण सोडायचा, थांबायचा. मी मागं. ऊन डोळ्यांत येत होतं, कड दिसली नाही मला. पाऊल उचलणार तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, अगदी जवळून. म्हणून वळलो. तर तू. बरं झालं तू बाण सोडलास."

मी माझे हात त्याला दाखवले. रिकामे होते. धनुष्य त्याच्याच हातात होतं. त्यानं खाली पाहिलं, भात्यातल्या बाणांवर बोट मारलं. आवाज झाला नाही. मग तो तिथंच खाली बसला.

भाता चाचपत म्हणाला, "मागच्या उन्हाळ्यात, त्या दिवशी मी पलीकडच्या धोंड्याच्या सावलीत होतो. त्याचा बाण सुटल्याचं ऐकलं. म्हटलं, पुढचा सोडेल तेव्हा उठू. पुढचा आलाच नाही. वाटलं, बाण शोधत असेल. मी वाट बघत बसलो, मेधा. सावली सरकेपर्यंत बसलो."

मी त्याच्या शेजारी बसले. आम्हाला परत फाटकापर्यंत यायला दुपार झाली. वाटेत कसलाच आवाज आला नाही.

पुन्हा दगडांत

घरी न जाता दादानं गाडी विद्यानगरला नेली. सुगुणाम्मांच्या समोर बसून त्यानं सगळं सांगितलं, सावलीत बसल्याचंसुद्धा. ते त्यांना त्यानं कधीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं त्या रडतील, किंवा रागावतील. त्या उठल्या, त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "कल मेरेको ले चलो."

नरसिंगराव गेल्यापासून त्या तिथं कधी गेल्या नव्हत्या. वहिनींना काय सांगायचं हा प्रश्न होता. मी आवाज वगळून बाकी सांगितलं. त्यांनी माझ्या ओरखड्यांना हळद लावली आणि आवाजाबद्दल काही विचारलंच नाही. पहाटे चौघांना पुरेल एवढा दहीभात डब्यात भरून दिला. आम्ही तिघंच निघालो होतो. मी त्यांना तसं म्हटलं नाही.

त्या सकाळी धुकं नव्हतं. सुगुणाम्मा चप्पल हातात घेऊन दगडांवरून चालल्या, आमच्यापेक्षा हलक्या पावलांनी. दादानं त्यांना ती जागा दाखवली. दोन धोंडे, मध्ये सपाट कातळ, कोपऱ्यात सीताफळीचं झुडूप. त्या कातळावर उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि कुठल्याच विशिष्ट दिशेला न बघता साध्या आवाजात म्हणाल्या, "एमंडी. इंटिकि पोदामु."

नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत. "अहो" म्हणाल्या, आणि "घरी जाऊ या." दादानं मला नंतर अर्थ सांगितला, पण तिथंही मला तो कळला होता.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "बेटी, छोडो."

मी भात्यातल्या फोमच्या पट्ट्या एकेक करून काढल्या. बाण लावला, समोरच्या मातीच्या उतारावर सोडला. धप्. घुर्र. माझ्या हातातून. आम्ही तिघंही श्वास धरून उभे राहिलो. डावीकडून काही आलं नाही. एक मोर कुठंतरी ओरडला, बस. मी आणखी एक सोडला. माझाच आवाज, एकटाच.

दादाचे डोळे भरून आले. "गेला गं," तो म्हणाला. "गेला."

सुगुणाम्मांनी मान हलवली. "गए नहीं," त्या म्हणाल्या. "आए."

आम्ही खाली उतरलो. धनुष्यं डिकीत ठेवली. दादा गाडी चालवायला बसला, त्याच्या शेजारच्या सीटवर डबे आणि पाण्याची कॅन होती, म्हणून मी मागे बसले, खिडकीशी न सरकता जरा मधोमध पसरून. सुगुणाम्मांनी पलीकडचं दार उघडलं, आत बसल्या. दार ओढून घेतलं नाही. क्षणभर बाहेर बघत राहिल्या आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बेटी, जरा उधर को सरको."

मागे आम्ही दोघीच होतो. तिघांना पुरेल एवढी जागा होती.

मी सरकले.